कडुलिंबाला बांधलेली तार

देशाने जगासाठी दारं उघडली ती नव्वदीत. आमच्या भाऊजींनी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरची खिडकी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून सताड उघडी ठेवली होती. त्या खिडकीतून एक तार गच्चीवर जायची आणि तिथून मैदान ओलांडून पलीकडच्या कडुलिंबाला भेटायची. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हौशी रेडिओवाले, घरच्या यंत्रावरून जगभरच्या हौशींना संदेश धाडणारे. त्यातही त्यांचा जीव सगळ्यात खालच्या, लांब लहरींच्या बँडवर. तिथे खरखर बेसुमार, लांबचं स्टेशन लागणं महाकठीण आणि तार लागते मैदानभर. "सोपी कामं करायला जगात माणसं कमी आहेत का?" असं ते विचारत. शेजारच्या आंटी विचारायच्या, "भाईसाहब, तार खाली है, दो सूट सुखाने डाल दूँ?" भाऊजी गंभीरपणे सांगत, "बिल्कुल नहीं, जापान आ रहा है." घरातही बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणत, आणि तोवर ताईने तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे.

या बँडवर सगळे खंड त्यांना सापडले होते, राहिली होती फक्त दक्षिण अमेरिका. आणि नेमकी निवृत्ती आली. नोएडात फ्लॅट बघताना डीलर मॉड्यूलर किचनचं कौतुक सांगत होता, तर हे म्हणाले, "वो छोड़िए, छत कितनी लंबी है?" ताईने कपाळावर हात मारला. गच्ची होती लांब, पण सोसायटीच्या नियमात तार बसत नव्हती. म्हणजे क्वार्टर सुटायच्या आत जमलं तर जमलं, नाहीतर दक्षिण अमेरिका कायमची हुकली.

शेवटच्या दिवशी पहाटे धुक्यात सामानाचा ट्रक दारात उभा होता, तरी भाऊजी रेडिओसमोरच, हाका घालत. उजाडता उजाडता तिकडचे संदेश येतात, यावर त्यांचा ठाम विश्वास. कान अलीकडे दगा देत होते, पण दोष सगळा हेडफोनचा. म्हणून स्पीकर लावलेला, मोठ्ठा. मी तिथेच उभा होतो. मला तर नुसती खरखर ऐकू येत होती. सूर्य वर आला तसे भाऊजी बटणाकडे हात नेत म्हणाले, "चला, संपलं. ओव्हर."

तेवढ्यात ताई गाळणी हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, बंद काय करताय? तुमचं नाव वाजवतंय कोणीतरी!"

जन्मभर भाऊजी मोर्सच्या टिकटिकीत स्वतःची कॉल-साइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, ठोकत आले होते. पोळ्या लाटता लाटता ती ताईच्या कानात बसली होती. भाऊजींनी लगेच उत्तर ठोकलं. पलीकडे ब्राझील होता. त्या दिवशी ताई 'ओव्हर'ची वाट न बघता बोलत राहिली आणि भाऊजींनी हूं की चूं केलं नाही.

आता नोएडाच्या बाल्कनीत त्या तारेचा तुकडा आहे, त्यावर कपडे वाळतात. भाऊजींना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. चहा झाला की ताई चमच्याने ओट्यावर त्यांची कॉल-साइन वाजवते. ते बरोबर उठून येतात.