कुसगावच्या वाचनालयातली पोरं

पुस्तकं मुलं नेतात, परत आणतात. गोष्टी मात्र माझ्याकडंच साठत जातात. कुसगावात एका जुन्या गाळ्यात मी मुलांचं वाचनालय चालवते, तेरा वर्षं झाली. मैत्रिणी विचारतात, "काय वाचतात गं हल्लीची मुलं?" मग मी हे सांगते.

*

ऋचा आठवीत आहे. शाळा, गणिताचा क्लास, स्कॉलरशिपचा क्लास. बुधवारी पाऊण तास मोकळा मिळतो, त्यात आई तिला माझ्याकडं सोडून जाते.

पहिल्याच बुधवारी ती पुस्तक उघडून कोपऱ्यात बसली आणि पाच मिनिटांत त्यावर डोकं ठेवून झोपली. उठवायला गेले, तर डोळे न उघडताच म्हणाली, "बाई, प्लीज. इथं कुणी काही विचारत नाही."

तेव्हापासून बुधवारी मी त्या कोपऱ्यातला दिवा लावत नाही.

परवा आईनं विचारलं, "काय वाचते हो सध्या?" मी समोरच्या शेल्फवरचं एक नाव ठोकून दिलं.

"जाड आहे ना?"

"आहे," म्हटलं.

*

निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय 'माझे आजोबा'. एकवीस निबंध आले, त्यातल्या अकरांची सुरुवात एकच: "नक्कीच! हा घ्या तुमचा निबंध." एआयनं दिलेलं जसंच्या तसं उतरवलेलं, अक्षर मात्र सगळ्यांचं सुरेख.

त्यातला एक पाचवीतल्या वेदांतचा. त्याचे आजोबा दोन वर्षं खाटेवर आहेत. निबंधातले आजोबा रोज पहाटे बागेत फिरत होते, नातवाला सायकल शिकवत होते. वेदांतनं तो घरी मोठ्यानं वाचूनही दाखवला.

मी भेटायला गेले तेव्हा त्याचे आबा छताकडं बघत म्हणाले, "लय चांगला म्हातारा हाय बाई त्यो. कुटं राहतो?"

*

हिवाळ्यात बारा मुलांना लोहगडावर नेलं. पहिल्या दरवाजाशी सगळ्यांनी फोटो काढले आणि सहावीतली तन्वी पायरीवर बसली.

"फोटो आला की, बाई. वर काय वेगळं आहे?"

बाकीचेही तिच्याशेजारी बसले. समजावलं, रागावले, शेवटी सगळ्यांना घेऊन उतरले.

लोहगडवाडीत ताक विकणाऱ्या मावशींनी विचारलं, "एवढ्यात आलात?" मी झालं ते सांगितलं. त्या ग्लास विसळत राहिल्या.

"आमचीबी न्हाई चढत आता. हितंच जल्मली, पन गड फोनातच बघत्यात."

*

एक किस्सा माझ्यावरचाही सांगते.

गेल्या महिन्यात एका दुपारी कुणीच आलं नाही. चारच्या सुमारास दुसरीतली ईश्वरी दारात येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी मान वर केली तेव्हा म्हणाली, "बाई, तुमी पण फोनच बघताय."

"काम होतं गं."

ती हसली नाही. "माझी मम्मी पण हेच म्हणते," म्हणाली आणि निघून गेली. समोर उघडं ठेवलेलं माझं पुस्तक सकाळपासून त्याच पानावर होतं.

*

शबानाभाभी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात पॅकिंगचं काम करतात. वर्षभर दर शनिवारी, न चुकता, नववीतल्या सोहेलसाठी पुस्तक न्यायच्या. इतर आयांना मी त्यांचंच उदाहरण द्यायचे.

मग एकदा बाजारात सोहेल भेटला. विचारलं, "सगळ्यात आवडलेलं पुस्तक कुठलं रे?"

"मी एकपण नाही वाचलं," तो म्हणाला. लपवाछपवी काही नाही.

शनिवारी भाभींना विचारलं.

"घरी आला की गेम खेळत बसतो, बाई. कानात हेडफोन. दिवसाला दोन वाक्यं बोलत नाही माझ्याशी. मी तरी काय बोलणार रोज नवं? म्हणून पुस्तक घेते, त्याच्या शेजारी बसते आणि मोठ्यानं वाचते."

"ऐकतो का तो?"

"काय माहीत. नजर तर हलत नाही स्क्रीनवरून."

मी पुस्तकावर शिक्का मारून दिला. भाभींनी ते पिशवीत टाकलं, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"काल मुद्दाम मधेच वाचायची थांबले."

"मग?"

"बराच वेळ काही नाही. मग तिकडंच बघत म्हणाला, 'का थांबलीस?'"