चंद्रीनं पान्हा चोरला

शकू, अशी जवळ बस गं. पत्रातनं जवळ कसं बसायचं म्हणतीस? बस की! आणि सगळं वाचून होईपर्यंत ते खिदळणं बंद ठेव.

अंगारा, कौल, भुतंखेतं... असल्यावर माझा कधी विश्वास न्हाई, ठाऊक हाय तुला. पण हे कोगनोळीला आमच्याच गोठ्यात घडलंय.

हे महायुद्ध सुरू व्हायच्या आधी चंद्री म्हशीनं एकाएकी मला धार देणं सोडलं. मीच वाढवलेली ती! दुसरं कुणी बसलं की पान्हा सोडायची, मी बसले की लाथ. पुढं थोड्याच दिवसांत छातीतली गाठ हाताला लागली. बेळगावच्या डॉक्टरांनी कापून काढली, कॅन्सर म्हणाले. बरी होऊन घरी आले, तर चंद्रीनं पहिल्यासारखी चरवी भरून दिली.

गेल्या पावसाळ्यात त्याच व्रणापाशी परत गाठ आली. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, डॉक्टरांसमोर रडकुंडीला आले. "तेच परत आलंय, साहेब. उद्याच मुंबईला नेतो, रेडियम द्यायला."

"आप्पा, रेडियमनं चांगलं मांससुद्धा जळतं," डॉक्टर म्हणाले. "आधी तुकडा तपासू. खात्री झाल्याशिवाय काही सुरू करायचं नाही."

तुकडा मुंबईला गेला. आणि मी... गोठ्यात पाऊल टाकीना. चंद्रीनं लाथ मारली तर? एका सकाळी न राहवून बसले. तिनं मान वळवून बघितलं — आणि चरवीत धार वाजली. तिच्या पोटाला डोकं टेकून लई रडले.

मामा म्हणाले, "म्हशीचं राहू दे गं, डॉक्टरचं उत्तर येऊ दे." आलं. रोग नव्हता. आत राहिलेल्या जुन्या टाक्याभोवती मांस घट्ट झालतं.

तिला वासानं रोग कळत असंल म्हणावं, तर कसला वास? मला अजून उमगलं न्हाई.

आणि आत्ताच का लिहितीय... संक्रांतीला तू सासरास्नं, बेळगावच्या टिळकवाडीतनं आलतीस, हौसेनं धारेला बसलीस. चंद्रीनं लाथ हाणून चरवी उलटवली. "आत्या, तुझ्या म्हशीला टिळकवाडीची माणसं चालत न्हाईत!" म्हणून तू हसलीस, मीबी हसले. पण संध्याकाळी तुझ्यासंगं आलेली तुझी नणंद बसली — तीबी टिळकवाडीचीच, तीबी पैल्यांदाच. तिला चंद्रीनं मुकाट दूध दिलं.

घाबरू नकोस. म्हशीच्या लाथेवरनं काही ठरत न्हाई, आधी डॉक्टरांकडनं खात्री करायची. मी येते की तुझ्याबरोबर.

फक्त लवकर ये गं, शकू. ह्याच आठवड्यात ये. गोठ्यात न्हाई नेत तुला... माझ्यापाशी ये.