श्रीलंकेत आईने वाटलेल्या मिरच्या

मुरबाडकरांच्या या ऑनलाइन कट्ट्यावरच्या मंडळींनो, श्रीलंकेतल्या एका सायबर कॅफेतून लिहिते आहे.

आज होडीने समुद्रातल्या एका खडकावरच्या देवळात गेलो. पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता. ज्याचं काही चोरीला गेलं, तो इथे पाट्यावर मिरच्या वाटतो आणि देवाकडे चोराचं वाटोळं मागतो, असं गाईडने सांगितलं.

आईने लगेच पदर खोचला.

बाबांच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो, तेव्हा माझ्या चुलतभावाने, शरददादाने, टोकावड्याला बाबांनी बांधावर लावलेले साग तोडून नेले. त्यावर आई आजवर एक शब्द बोलली नव्हती.

“मीठ नाय ठेवलं का गो यांनी?”

“आई, ही चटणी नाही.”

“मग आणखी बारीक वाटते.”

चोराचं नाव मनात घ्या, असं गाईड म्हणाला. आईने ते मोठ्याने घेतलं, बापाच्या नावासकट. पुजारी दचकला.

परतताना मी विचारलं, “आता शांत झालीस?”

“नाय. त्याला कुठं माहीत हाय? तू कळव त्याला.”

शरददादा, तू हा कट्टा रोज वाचतोस. डोळे चुरचुरायला लागले का? आई शेजारीच बसली आहे, उत्तराची वाट बघत.