कंडक्टर शेवटी चढतो

माणूस धडधाकट आहे की नाही, याबद्दल डॉक्टर मंडळी काय वाटेल ते सांगोत. रक्त, साखर, वजन, हवं ते तपासोत. ज्याला बसची पहिली पायरी कुणाचा हात न धरता चढता येते तो धडधाकट आणि ज्याला येत नाही तो आजारी, इतका सोपा निकाल देणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, आमच्या कॉलनीच्या बागेत, रोज सकाळी सव्वासहाला म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग घेतो. वर्ग हा शब्द आमचा. ते त्याला 'गाडी' म्हणतात. उभा जन्म त्यांनी बसचे कंडक्टर म्हणून काढला, त्यातला बराचसा नाशिक–सुरगाणा रस्त्यावर, आणि निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवधर्माला किंवा नातवंडांना लागतात तसे हे आमच्या हाडांना लागले. भंगार बाजारातून त्यांनी एका मोडीत निघालेल्या बसची खरीखुरी घंटी शोधून आणली, फळीवर ठोकली, तिला हातभर दोरी बांधली. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की सुरू. आमच्या गाडीत दुसरी भाषाच नाही.

व्यायामाला त्यांच्याकडे नावंही नाहीत, गावं आहेत. हातपाय जरा मोकळे करणं म्हणजे दिंडोरी. तिथून पुढे चवड्यांवर उभं राहून दोन्ही हात वर न्यायचे, त्याला ते 'वर सामान ठेवा' म्हणतात, आणि कुणी अर्ध्यावरच हात खाली आणले तर, "अहो ताई, बोचकं पडेल ना कुणाच्या डोक्यावर!" असं इतक्या कळकळीनं ओरडतात की शेजारचा माणूस खरोखर मान वाचवतो. वणी आली की गाडी दहा मिनिटं थांबते, म्हणजे आम्ही बाकांवर बसून श्वास मोजतो. वणीच्या पुढे घाट. घाटात एका पायावर उभं राहायचं, खुर्चीच्या पाठीला बोटं टेकवायची, आणि ते "डावं वळण... आता उजवं... समोरून ट्रक येतोय, सांभाळा..." म्हणत राहतात. सत्तरी ओलांडलेली अकरा माणसं त्या अदृश्य ट्रकला वाट देत एका बाजूला कलतात, हे दृश्य बागेत दूध घेऊन जाणारे लोक थांबून पाहतात. फारच दमलात तर हात वर करायचा. त्याला 'विनंती थांबा' म्हणतात आणि तो मंजूर करायचा की नाही, हे ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात.

शिस्त मात्र कडक. डबल बेल झाल्यावर आलेल्याला आत घेत नाहीत. "गाडी गेली. आता वणीला गाठा," एवढं सांगून बाकावर बसवतात. एकदा कॉलनीत नव्यानेच राहायला आलेले एक गृहस्थ आले. अंगात चकचकीत ट्रॅकसूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ते कौतुकानं म्हणाले, "मी रोज आठ हजार चालतो." कंडक्टरसाहेबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "कुठे जायला?" त्या गृहस्थांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत. मला त्या प्रश्नाचं हसू येतं आणि त्याचवेळी वाटतं की म्हातारपणी विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे.

मी या गाडीत कसा बसलो, तेही सांगतो. माझी पत्नी गेल्यावर दोन वर्षं मी घरातून फारसा बाहेर पडलो नव्हतो. गुडघे धरले होते, आणि खरं सांगायचं तर ते सुटावेत असं मलाही वाटत नव्हतं. एका सकाळी गॅलरीत चहा घेत होतो आणि खालून टण् टण् असा आवाज आला. डबल बेल! मी कप तसाच ठेवला आणि चपला शोधू लागलो. पन्नास वर्षांची सवय. तरुणपणी मी सुरगाण्याकडे मास्तर होतो आणि शनिवारी दुपारची ती लाल गाडी चुकली तर नाशिकला येणं सोमवारवर जायचं, आणि सोमवारी शाळा, म्हणजे व्हायचंच नाही. खाली गेलो तर दोरी ओढणारा माणूस ओळखीचा, त्याच लाल गाडीचा कंडक्टर. केस गेलेले, पोट आलेलं, पण खांद्यावर चामडी पिशवी असल्यासारखा डावा खांदा तसाच जरा खाली. मला बघून म्हणाले, "मास्तर! आज वेळेवर?"

हा टोमणा मला लागू होता. माझ्या हळदीच्या दिवशी मी ती गाडी चुकवणारच होतो. शाळेत शिक्षणखात्याचे अधिकारी तपासणीला आले, ते हलेनात, आणि मी स्टँडकडे पळत सुटलो तेव्हा गाडीची वेळ होऊन गेली होती. गाडी उभी होती. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पोत्यांवर बसलेली माणसं ओरडत होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता आणि कंडक्टर सीटखाली वाकून तिकिटं टोचायचा चिमटा शोधत होते. "चिमटा हरवला, त्याच्याशिवाय गाडी हलणार नाही," असं त्यांनी सात मिनिटं सगळ्यांना सांगितलं. मी चढलो तसा तो त्यांच्या खिशात सापडला. माझा संसार त्या सात मिनिटांवर उभा राहिला, असं माझी पत्नी मरेपर्यंत सांगत असे.

तर, पायरी. स्टँडवर जाऊन त्यांनी बसच्या पहिल्या पायरीची उंची सुतळीनं मोजून आणली होती आणि त्या जागी गाठ मारली होती. बागेत कुंपणाच्या लोखंडी दांड्याशेजारी विटांचे थर रचले होते. नव्या माणसाला एक थर, महिन्या-दोन महिन्यांनी दुसरा, असं करत पाचवा थर सुतळीच्या गाठीला भिडायचा. पाच थर म्हणजे गाडी. "दांडा धरा. वाकू नका. चांगला पाय आधी. घाई नाही, गाडी तुमचीच आहे." आणि मागचा पाय पूर्ण वर आल्याशिवाय दुसरी घंटी नाही. कुणी म्हणालं, "साहेब, तुम्ही एकदा करून दाखवा ना," तर ते चिडून म्हणायचे, "कंडक्टर कधी आधी चढतो का? कंडक्टर शेवटी चढतो." आम्ही हसायचो. त्या हसण्यात आमचं काय निसटत होतं, ते तेव्हा कळलं नाही.

आमच्यात सुरगाण्याच्या एक आजी आहेत. मुलानं फ्लॅट घेतला म्हणून इकडे आलेल्या. गावाकडे त्यांची धाकटी बहीण, तीही म्हातारी, आणि दोघींची तीन वर्षांत भेट नाही. आजी सांगायच्या, "पोरगा मोटारीनं नेतो म्हनतो, पन त्याला टायम गावत नाय. माज्या पायानं चढून गेले तर लय बरं." साहेबांनी हे मनावर घेतलं. एक थर चढतानाच आजींना धाप लागायची. अख्खा पावसाळा गेला. विटांवर शेवाळ आलं की साहेब ते स्वतः नारळाच्या शेंडीनं घासून काढत. नागली कापणीला आली त्या सुमाराला एका सकाळी आजी पाचव्या थरावर उभ्या राहिल्या, दांडा सोडला आणि वरून आम्हा सगळ्यांकडे पाहू लागल्या. साहेबांनी घंटी वाजवलीच नाही. त्यांचे डोळे भरले होते. मग नाक पुसून म्हणाले, "रविवारी सकाळची सुरगाणा. सगळ्यांनी यायचं. आजींना बहिणीकडे सोडायचं आणि संध्याकाळी परत."

रविवारी आम्ही अकरा जण स्टँडवर. गाडी लागली. साहेब दाराशी उभे राहिले, इस्त्रीचा सदरा, खांद्याला पिशवी, आत ती घंटी. मागून घुसणाऱ्यांना त्यांनी दोन्ही हात पसरून अडवलं. "थांबा हो, माझी माणसं चढताहेत." गाडीच्या खऱ्या कंडक्टर, एक तरुण बाई, आधी वैतागल्या आणि मग स्वतःच बाजूला सरल्या. आजी चढल्या. कुणाचाही हात न धरता. आत गेल्यावर म्हणाल्या, "आगं बाई, ही तर लय सोपी!" एकेक करत सगळे चढले, मागून बाकीचे प्रवासीही चढले. मी दारातच उभा होतो. खाली फक्त साहेब.

त्यांनी दांडा धरला. उजवा पाय पायरीवर ठेवला. तो खाली आला. मग डावा ठेवला. तोही खाली आला. तिसऱ्या वेळी पाय पायरीपर्यंत पोचलाच नाही आणि सगळा उलगडा मला एका क्षणात झाला. त्यांनी घर तळमजल्यावरच का घेतलं, बागेच्या फाटकाला बुटकी पायरी आहे तिथे ते आमच्या आधी का येतात आणि सगळे गेल्यावर का निघतात, विटांना हात लावतात पण पाय कधीच का लावत नाहीत. मी हात पुढे केला. "मास्तर, हात आत घ्या," ते म्हणाले. त्यांनी पिशवीतून घंटी काढली आणि दोरी दोनदा ओढली.

टण् टण्. ड्रायव्हरनं सवयीनं गिअर टाकला आणि गाडी निघाली. "अहो, बेल कुणी मारली?" म्हणत कंडक्टरबाईंनी थांबवायला दोरीकडे हात नेला. खालून साहेबांनी तळहात हलवला, जाऊ द्या, रस्ता मोकळा आहे, असा. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दोरी ओढली नाही. मीही ओढली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दिंडोरी आली, वणी आली, गाडी दहा मिनिटं थांबली. घाटात आम्ही सगळे आपोआप डावीकडे कललो, मग उजवीकडे, आणि तेव्हा मात्र कुणाला तरी रडू आलं. फाट्यावर आजींची बहीण काठी टेकून उभी होती. आजी आपल्या पायांनी उतरल्या. दोघी एकमेकींना बघून आधी भांडल्या, "एवढी वाळलीस?" "तूच वाळलीस!" आणि मग एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या राहिल्या. आजी तिथेच राहिल्या, आम्ही दहा जण परतलो.

नाशिकच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा दिवे लागले होते आणि साहेब फलाटावर उभे होते. घरी जाऊन आले होते की दिवसभर तिथेच होते, मी विचारलं नाही. एकेकाला उतरताना मोजलं. "दहा. बरोबर. आजी पोचल्या?" मी हो म्हणालो. त्यांनी रिकाम्या गाडीच्या पायरीवर एकदा हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मास्तर, उद्यापासून माझ्यासाठी एक थर ठेवा. एकच."

आता घंटी माझ्याकडे असते. साहेब दुसऱ्या थरावर आहेत, अख्खा हिवाळा दुसऱ्याच थरावर, आणि पाचवा कधी येईल की येणारच नाही, हे मला माहीत नाही. गावं अजून तेच पुकारतात, शिव्याही तेच देतात. फक्त पायरीची वेळ आली की कुंपणाचा दांडा धरतात, चांगला पाय आधी वर ठेवतात, आणि मागचा पाय यायला फार वेळ लागतो. बाकीच्यांची चुळबूळ सुरू होते. कुणी घड्याळ बघतं, कुणी खोकतं. अशा वेळी मी घंटी खाली ठेवतो आणि चष्मा हरवल्याचं सांगून एकेक खिसा चाचपत राहतो. तो माझ्या डोळ्यांवरच असतो, सगळ्यांना दिसतो, पण साहेबांचा मागचा पाय वर आल्याशिवाय मला काही केल्या सापडत नाही.