टाच टेकेना

शालूबाईचा उजवा गुडघा बदलून पाच आठवडे झाले, तरी टाच काही जमिनीला टेकेना. वॉकर धरून ती ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, तेही चवड्यावर. चार फेऱ्यांत जीव मेटाकुटीला येई. धाड गावचा आठवडी बाजार घरापासून हाकेच्या अंतरावर, पण गेलं वर्षभर तिनं तो नुसता कानानं ऐकलेला. हातात पिशवी घेऊन एकटीनं तिथवर जाता यावं, एवढ्यासाठीच तर ती ऑपरेशनला तयार झाली होती.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं तिला आडवं केलं आणि गुडघ्याखालून हात घातला. हात आरपार गेला.

"पायाखाली काय घेऊन झोपता, आजी?"

तिचा नवरा शेषराव मान खाली घालून म्हणाला, "गोधडी. गुडघ्याखाली."

आता ही गोधडी कुठून आली, ते सांगायलाच हवं. दवाखान्यातून घरी आल्यापासून दारात माणसांची रीघ लागलेली. आपल्याकडं दुखणाइताला भेटायचं राहून गेलं, तर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्यामुळं जो तो केळी, बिस्किटांचे पुडे घेऊन यायचा आणि तासतास बसायचा. बाईची जातच अशी की चारचौघांत कण्हायचं नाही. तीन बाळंतपणं तिनं दातात पदर धरून काढली होती. पाय सरळ ठेवला की कळ मस्तकात जायची, आणि तोंडानं मात्र "बरं हाये आता" चालू. जानेफळहून आलेल्या नणंदेनं, सिंधूताईनं ते बरोबर ओळखलं. गोधडीची चौपदरी घडी करून तिनं गुडघ्याखाली सारली.

"बाप्पा, कायले जीवाले तरास देतं? आराम कर."

आराम लगेच पडला, हे खोटं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं उशी टाचेखाली घ्यायला सांगितली होती. गुडघा अधांतरी राहिला, तरच तो आपल्या वजनानं सरळ होतो. शेषरावनं ते ऐकलंही होतं. पण किती दिवसांनी बायकोचा डोळा लागलेला, त्याच्यानं ती गोधडी काढवेना. मायाच नडली, दुसरं काय.

"दोन आठवडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यात सरळ झाला तर झाला. मग आखडून बसेल, आणि तुम्ही लंगडतच राहाल. घरच्या कोणीतरी रोज तीनदा गुडघा दाबायचा. कसा, ते इथंच शिकून जा."

शिकला शेषराव. खाट बुटकी, म्हणून तो जमिनीवर गुडघे टेकून बसे. पहिल्या दिवशी त्यानं नुसता हात ठेवला.

"दाबा ना."

"दाबतोच ना."

"दाबून नाही, कुरवाळून राह्यले तुमी."

"तू वरडत नाही. मले कसं समजीन, किती दाबा लागते ते?"

त्याचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर ओरडली. त्याचे हात सुटले. "सोडू नका," ती म्हणाली. त्यानं भिंतीकडं तोंड केलं, तीसपर्यंत आकडे मोजले, आणि दोघंही घामानं भिजले. मग ओसरीत फेऱ्या. मग जेवण, आणि पुन्हा तेच. भेटायला येणाऱ्यांना त्यानं दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. गल्ली नाराज झाली ती झाली. पाचव्या दिवसापर्यंत दोघांना एकमेकांचं तोंड नकोसं झालं. आठव्या दिवशी ती म्हणाली, "राहू द्या. लंगडीच बरी मी." तो खाटेपाशी गुडघे टेकून बसला आणि कामाला लागला.

चौदाव्या दिवशी डॉक्टरचा हात गुडघ्याखाली अडला. "चाला बरं," ते म्हणाले. ती चालली, पूर्ण पाऊल टेकवून. आनंद व्हायला पाहिजे होता. तिला फक्त तिथंच फरशीवर आडवं व्हावंसं वाटत होतं.

अजून महिनाभर दाबायचं होतंच. घरी आल्यावर शेषराव बसला, दाबून झालं, पण त्याला उठता येईना. खाटेचा पाय धरून अर्धा वर आला आणि परत खाली टेकला. रोज उठायला तो वेळ लावायचा. आपल्याला कंटाळला, असंच ती समजत आलेली.

"गुडघा?"

"दोनी."

"कवापासून?"

"तुह्या आधीपासून."

"मंग बोलले काऊन नाही?"

"दोघंबी एकदम झोपलो असतो, तं उठवलं कोणं असतं?"

तिला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. या माणसाला रोज तीनदा त्या गुडघ्यांवर बसवलं, आणि वर आपणच वैतागलो. ती खाटेवरून उतरली. वॉकरकडं न बघता त्याच्यापुढं उभी राहिली आणि हात पुढं केला. नव्या गुडघ्यावर ओझं पडेल म्हणून तो हात नुसता धरून राहिला.

"टाका भार," ती म्हणाली.

त्यानं टाकला.