नागलीची पहिली मूठ

"उजव्यानं द्यावं, डाव्यानं झाकावं," हिरामण नेहमी म्हणायचा. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसखाली उजवा पंजा गेला, तरी म्हणायचा. आम्ही सुरगाण्याकडची डोंगरातली माणसं. हसू गिळायला आम्हाला येतं.

आमच्याकडे राब, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा पसरलेला वाफा, जाळला की त्यात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या बियाची पहिली मूठ घरधनी टाकतो, तीही उजव्या हातानं. पंजा गेल्यापासून हिरामणच्या राबात ती मूठ धाकटा भाऊ बहिरू टाकायचा. वर विचारायचा, "दादा, आता धनी कोण म्हणायचा?" हिरामण बांधावर बसून ऐकून घ्यायचा.

त्याची लेक स्नेहल एका मोठ्या सरकारी विद्यापीठात जैवअभियांत्रिकी शिकायला गेली, ती या एका मुठीसाठी. ती सांगायची, पंजा तुटला तरी कोपराखालचे स्नायू मूठ वळायचं विसरत नाहीत. त्यांची हालचाल पकडून यंत्राचा हात चालवता येतो. उन्हाळ्यात तसा हात तिनं चाचणीसाठी घरी आणला. प्रयोगशाळेत तो पेला धरायला शिकला होता. अंगणात लॅपटॉप मांडीवर घेऊन स्नेहलनं त्याला बी फेकायला शिकवलं. कितीतरी दिवस दाणे मुठीतच अडकून राहायचे. मग एका सकाळी ती मूठ उघडली आणि दाणे अंगणभर सारखे पसरले. तिची आई नवसाबाई पदर तोंडाला लावून रडली.

राब जळून गार झाला. पेर तोंडावर आली आणि विद्यापीठातून निरोप आला: चाचणीची मुदत संपली, हात जमा करा. स्नेहलनं फोनवर सरांना खूप विनवलं. सर म्हणाले, वस्तू विद्यापीठाची आहे. बी फेकण्याचं काम मात्र उत्तम झालंय, अहवालात आधी तेच घाल. तिची पदवी त्या अहवालावर अवलंबून होती.

स्नेहलला न्यायला जीप दारात आली.

"पेर होऊ दे, मग ने," हिरामण म्हणाला.

"बा, आज नाय नेला तर माझं वरीस जातं."

"मग मला शिकवलंस कशाला?"

त्यानं हात पुढे केला. तिनं पट्टे सोडले.

हिरामणनं बियाची टोपली बहिरूच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि डोंगराच्या वाटेला लागला. बहिरू या वेळी गप्प होता. मांडीवर हाताची पेटी घेऊन स्नेहल जीपमधून बघत राहिली. बाप सागाआड गेला, तेव्हा तिनं ड्रायव्हरला निघायला सांगितलं.