मोगऱ्याला पाणी

कसब्यातल्या आमच्या घरामागे मोगऱ्याची झुडपं होती. माझ्या यजमानांनी स्वतः कलम करून लावलेली. उत्तरेच्या स्वारीवर निघण्याआधी त्यांनी मला समोर बसवून त्याची रीत शिकवली. मार्गशीर्षात पाणी तोडायचं, मुळांभोवतीची माती मोकळी करायची, पानं खुडून टाकायची. याला ताण देणं म्हणतात. झाड काही दिवस मेल्यासारखं दिसतं. मग शेणखत घालून पाणी सोडलं की चैत्रात कळ्यांनी लगडून जातं. बायकोचा निरोप घेताना माणसं काय काय बोलतात. यांनी खतपाण्याचं सांगितलं. मला तेव्हा रागच आला होता.

फौज परतली, ते परतले नाहीत. मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं आणि जिवंत असल्याची बातमीही नव्हती. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा रिवाज. तोवर मी सवाष्ण. कुंकू लावत होते, हळदीकुंकवाला जात होते, दर हिवाळ्यात मोगऱ्याला ताण देत होते. पहिली काही वर्षं शनिवारवाड्याच्या बाजूने टापा ऐकू आल्या की दाराशी धावायची. पुढे तेही सुटलं. हात काम करायचे, आत काही हलायचं नाही.

सासूबाईंना हे ताण देणं मुळीच पाहवत नसे. "जिवंत झाडाला उपाशी मारतेस आणि वर म्हणतेस फुलं दे," असं दरवर्षी एकदा तरी ऐकवायच्या. पण चैत्र लागला की परडी घेऊन त्याच पुढे. पहिला गजरा माझा, दुसरा त्यांचा. माझ्या अंबाड्यात गजरा माळताना आपल्या मुलाबद्दल चकार शब्द काढत नसत.

बारावं वर्ष सरत आलं तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विधी वैशाखात करायचं ठरवलं. त्यानंतर माझं कुंकू, बांगड्या, केस, सगळंच जाणार होतं. मला रडू आलं नाही. मार्गशीर्ष लागला तशी मी खुरपं घेतलं आणि मोगऱ्याला ताण दिला.

यंदा मात्र खुडलेल्या जागी लगेच पालवी फुटू लागली. रोज सकाळी माती ओली. हौदाला भेग पडली असेल म्हणून मी हौदाभोवती फिरून पाहिलं, तर तिथली माती कोरडी ठणठणीत. मग एका सकाळी दिसलं. सासूबाईंनी तुळशीला पाणी घातलं आणि उरलेली कळशी मोगऱ्याच्या बुंध्याशी रिती करायला लागल्या.

"अहो सासूबाई, असं पाणी मिळालं तर कळी धरायची नाही."

"कळतं मला. इतकी वर्षं काय डोळे मिटून बसले होते इथे?"

"मग?"

"वैशाखात अंगणभर वास सुटेल आणि तू बोडक्या डोक्याने पडवीत बसशील." त्यांनी कळशी पुरती उपडी केली. "फुलायलाच नको मेलं यंदा."

मी बरं म्हणाले आणि दळायला बसले.

वैशाखात पुरुषमंडळी पुतळा घेऊन मुठेकाठी गेली. इकडे मागल्या पडवीत न्हावी आला. डोक्याला गार वारं लागलं, एवढंच आठवतं. नजर वर केली तर समोर मोगरा नुसता पानांनी गच्च. एकही फूल नाही. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मामंजी धडधाकट होते, सासूबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि अंबाडा रिकामा. माझ्याबरोबर त्यांनी आपलाही गजरा घालवला होता. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

पुढच्या मार्गशीर्षात मी पुन्हा खुरपं घेऊन झुडपांपाशी बसले. निदान सासूबाईंना तरी फुलं मिळावीत असं मला फार वाटत होतं. त्या आल्या, भरलेली कळशी माझ्यापुढे ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी खुरपं बाजूला ठेवलं आणि पाणी घातलं.